नखभर वाढलेली गाठ

१

मास्तरांच्या डोक्यातून काढलेली गाठ तपासून आली आणि सर्जनांच्या तोंडचं पाणी पळालं. मधला भाग गाठीचाच होता. पण भोवतीची कड, नखभर रुंदीची, चांगल्या निरोगी मेंदूची निघाली. हात घसरला म्हणावं, तर तेही नाही. संगणकानं गाठीभोवती जी लाल रेघ आखून दिली होती, तिच्यावरूनच त्यांनी कापलं होतं. रेघच गाठीच्या बाहेर होती. आणि त्या नखभर कडेत मास्तरांचं बोलणं होतं हो! जन्मभर वर्गात बोलून घसा बसवून घेतलेला माणूस. आता पाणी हवं का विचारलं तरी "बरं", आणि दुखतंय का विचारलं तरी "बरं".

भागूबाईंना हे सकाळी कळलं आणि त्या तशाच दवाखान्यात धावल्या. कारण उद्या सकाळी त्याच टेबलावर, तशाच एका लाल रेघेवरून, त्यांच्या धाकट्या बहिणीचं डोकं उघडणार होतं.

आता भागूबाई हे काही त्यांचं खरं नाव नाही. लिफ्ट, मांजर, बंद दार, अनोळखी फोन, सगळ्याची त्यांना धास्ती. म्हणून दवाखान्यातल्या मंडळींनी तरुणपणीच त्यांना "भित्री भागूबाई" करून टाकलं. पुढे त्या मेंदूची चित्रं वाचणाऱ्या मोठ्या डॉक्टर झाल्या, तेव्हा मानानं "भित्री" गळलं आणि भागूबाई तेवढं राहिलं. आता निवृत्त झाल्या होत्या, पण भीती काही निवृत्त झाली नव्हती.

"मॅडम, तुमची हयात या चित्रांत गेलीय," सर्जन म्हणाले. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. "उद्याची रेघ खरी की खोटी, एवढं संध्याकाळपर्यंत सांगा. माझा आता कशावर भरवसा राहिला नाही."

"आणि नाही सांगता आलं तर?"

"तर मला रेघेवरूनच जावं लागेल. गाठ खरंच वाढत असेल आणि मी थांबलो, तर ती बोलण्याच्या जागेत घुसेल आणि मग जिवावरच बेतेल. वाढत नसेल आणि मी कापलं, तर..."

भिंतीपलीकडे नर्स कुणाला तरी कूस बदला म्हणत होती, आणि एक म्हातारा आवाज समजूतदारपणे म्हणाला, "बरं."



२

संशयाची सुई अर्थातच आधी मोजणीच्या खोलीकडे वळली होती. तिथे पडदे कायम ओढलेले, दोन मोठे स्क्रीन, आणि त्यांच्यापुढे एक हडकुळा तरुण. गाठींची मापं घेतो म्हणून सगळे त्याला शिंपी म्हणत. भागूबाई आत आल्या तसा तो ताडकन उभा राहिला. त्याची तर पाचावर धारण बसलेली.

"मॅडम, मी काही केलेलं नाही. सगळे माझ्याकडे बघतायत, पण आईशप्पथ सांगतो..."

"शपथा नंतर. आधी मोजून दाखव," भागूबाई म्हणाल्या. "आणि ते दार जरा उघडं ठेव रे बाबा."

मोजण्याची रीत तशी सरळ आहे. एमआरआयचं मशीन डोक्याची चित्रं पावाच्या कापांसारखी काढतं, एकेक पातळ काप. आधी साधी चित्रं निघतात, मग इंजेक्शनमधून दिलेलं औषध गाठीत उतरतं आणि गाठ पांढरी चमकते. प्रत्येक कापावर त्या पांढऱ्या डागाभोवती संगणक रेघ ओढतो, शिंपी ती तपासून नीट करतो. डागाचं क्षेत्रफळ गुणिले कापाची जाडी, आणि सगळ्या कापांची बेरीज, की झालं गाठीचं घनफळ. धाकटीचं पहिलं माप दोन मिलिलिटर होतं, दुसरंही दोन, आणि तिसरं एकदम सव्वातीन.

भागूबाईंनी तिन्ही चित्रांची सरमिसळ केली, कुठलं कुठलं ते सांगितलं नाही, आणि त्याला नव्यानं मोजायला लावलं. मग त्याला उठवून स्वतः बसल्या आणि संगणकाची रेघ बंद करून, माउस धरून, हातानं एकेक काप रेखला. तरी उत्तर तेच आलं. दोन, दोन आणि सव्वातीन.

"म्हणजे तू सुटलास," त्या म्हणाल्या. "मशीनच फुगवून दाखवत असेल?"

"रोज सकाळी पाण्यानं भरलेला चेंडू मशीनमध्ये ठेवतात, मॅडम. त्याचं माप ठरलेलं आहे. मी तो रोज मोजतो. आजपर्यंत चुकलेला नाही."

"मग अशा उड्या आणखी कुणाच्या आहेत?"

शिंप्यानं शोधून दाखवल्या. गेल्या काही महिन्यांत मोजलेल्या, थोड्याच, पण सगळ्या वरच्या बाजूला. कमी झालेली एकही नाही.

"ही कोण माणसं? वय काय, आजार कुठला, कुठल्या वेळी आली?"

"ते मला दिसत नाही. माझ्याकडे येण्याआधी नाव, वय, तारीख, वेळ, सगळं पुसून टाकतात. कुणाची दया नको, कुणाचा राग नको. नुसता नंबर. ही पद्धत मीच बसवली, मॅडम." एवढं सांगताना मात्र त्याची मान जरा ताठ झाली.

भागूबाई उठल्या. रेघ खरी होती आणि मशीनही खरं होतं. मग उरलं काय? गाठ खरंच वाढली, एवढंच.

३

"आलीस? कुठे होतीस इतका वेळ? ही नर्स बघ, उशी मागितली तर म्हणते एकच मिळेल. मी म्हटलं, अगं उद्या डोकं उघडणार आहात माझं, आज तरी दोन उशांवर ठेवू दे! आणि तो समोरचा..."

धाकटी अशीच. लहानपणापासून तिच्या तोंडाला कुलूप नाही. वडील म्हणायचे, हिला झोपेतसुद्धा दम लागतो. भागूबाई कॉटच्या कडेवर टेकल्या आणि तिचं बोलणं नुसतं ऐकत राहिल्या. उद्या यातलं किती उरेल?

धाकटीचा नवरा खिडकीशी उभा होता. एरवी तो ताई, ताई करत पुढे यायचा. आज त्यानं नजरच दिली नाही.

"गोळ्या नीट चालल्यात ना?" भागूबाईंनी विचारलं. सूज उतरवणाऱ्या त्या गोळ्या मध्येच बंद केल्या तर गाठ चित्रात मोठी दिसते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "खरं सांग, चुकवल्या असशील तर."

"चुकवते कशी? हा आहे ना पहारेकरी. तोंड उघडायला लावून बघतो, गिळली का ते. पोलीस परवडले."

"आणि शेवटच्या तपासणीला? तुम्ही बरोबर होतात?" भागूबाई खिडकीकडे वळल्या.

"हो, हो. होतो की," तो घाईघाईनं म्हणाला. "दर वेळी असतो तसा. आत, तिच्याजवळ."

आणि धाकटी गप्प झाली.

धाकटी, आणि गप्प! इथे नक्की पाणी मुरतंय, हे भागूबाईंनी ओळखलं. त्यांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. धाकटी चादरीची किनार चिमटीत धरून बसली होती.

त्या बाहेर पडल्या तसा तो मागोमाग आला आणि त्यांच्या वाटेतच उभा राहिला.

"ताई, पाया पडतो. चौकशा नका करू. होऊन जाऊ दे ऑपरेशन एकदाचं."

"एवढी घाई कसली हो तुम्हाला?"

कपाळावरचा घाम पुसत तो जिन्याकडे निघून गेला. ज्याच्या हाती आपण बहीण सोपवली तो माणूस खोटं बोलत होता, आणि का, ते त्यांना कळत नव्हतं.

४

राहिली ती मशीनची खोली. भागूबाई तिथे सगळ्यात शेवटी गेल्या, कारण तिथे जायची त्यांना सगळ्यात जास्त भीती. हजारो लोकांच्या डोक्यांची चित्रं वाचली, पण त्या नळीत स्वतः कधी डोकं घातलं नव्हतं.

मशीन चालवणाऱ्या बाईंना सगळे काकू म्हणत. गुबगुबीत अंगाच्या, मऊ आवाजाच्या, ज्यांच्या कुशीत जाऊन रडावं अशा. दवाखान्यात त्यांच्याबद्दल वाईट बोलणारा माणूस शोधून सापडला नसता. मशीनच्या अलीकडे इंजेक्शन देण्याची छोटी खोली होती. तिथे खिडकीकडे तोंड करून ठेवलेली एक गादीची खुर्ची, पाठीवर शाल.

"तुमचं बसायचं ठिकाण?" भागूबाईंनी विचारलं.

"छे हो, मला कुठला वेळ बसायला?" काकू हसल्या. "बोला, काय दाखवू?"

भागूबाईंच्या मनात एकच शंका उरली होती: तिसऱ्या वेळी डोकं वेगळ्या कोनात ठेवलं गेलं असेल का? कोन बदलला तर काप बदलतात. त्यानं एवढा फरक पडत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण बुडत्याला दुसरं काय दिसणार? "मला आत घ्या," त्या म्हणाल्या, आणि म्हणून बसल्यावर त्यांनाच घाम फुटला. "इंजेक्शन नको. नुसतं डोकं कसं ठेवता ते बघायचंय."

काकूंनी त्यांना टेबलावर निजवलं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना उशा ठोसल्या, तोंडावर पिंजरा बसवला. टेबल सरकू लागलं. छत नाकाशी आलं. भागूबाईंनी डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. मग मशीन ठकठक करू लागलं आणि त्यांचा धीरच सुटला. श्वास आत जाईना. ओरडायला गेल्या तर आवाज निघेना, बोबडीच वळली. मदत बोलवायला हातात दिलेला रबरी फुगा त्यांनी जिवाच्या आकांतानं दाबला.

पुढचं इतकं झटपट झालं की बोलायची सोय नाही. टेबल बाहेर आलं, पिंजरा निघाला, एका हातानं काकूंनी त्यांना उठवलं, दुसऱ्या हातानं शाल पांघरली, त्या खिडकीच्या खुर्चीत बसवलं, हातात पाण्याचा ग्लास दिला आणि पाठीवरून हात फिरवत गुणगुणू लागल्या. घाबरलेल्या मुलाला आई निजवते, अगदी तसं.

"काही नाही हं, काही नाही. घाई नाही कसली."

भागूबाई मुसमुसत होत्या. हळूहळू श्वास जाग्यावर आला. "काकू, फार सांभाळता हो तुम्ही."

"सवयच झालीय मला. परवा एक बाई, सुई टोचली नि रडायलाच लागल्या. इथेच बसवलं. तुमच्या बहिणीचंही तेच. तिचे यजमान नव्हते ना त्या दिवशी आत, एकटीच होती बिचारी. इंजेक्शन दिलं आणि म्हणते कशी, मी परत आत नाही जात. मग बसवलं, बोलतं केलं."

भागूबाईंच्या हातातला ग्लास तिथेच थांबला.

"इंजेक्शन दिल्यावर? आणि मग चित्र कधी काढलंत?"

"शांत झाल्यावर. घड्याळ कोण बघतं अशा वेळी?"

५

मोजणीच्या खोलीत चौघं जमली. सर्जन दाराशी, शिंपी स्क्रीनपाशी, काकू स्टुलावर, आणि भागूबाई शिंप्याच्या उरलेल्या कॉफीचा कप हातात घेऊन. त्यांनी टेबलावर एक कागदी रुमाल पसरला आणि त्यावर कॉफीचा एक थेंब टाकला.

"बघत राहा," त्या म्हणाल्या.

थेंब पडला तेव्हा लहान होता. बघता बघता तो कागदात पाझरत गेला, आणि कड हळूहळू बाहेर सरकली.

"इंजेक्शनचं औषध असंच गाठीत पाझरतं. ठरलेल्या वेळी, लगेच चित्र काढलं तर गाठ तेवढीच चमकते. उशीर केला तर औषध कडेच्या बाहेर झिरपतं आणि भोवतालचा चांगला मेंदूही पांढरा दिसतो. नखभरच. पण बोराएवढी गाठ सगळ्या बाजूंनी नखभर सुजलेली दाखवली, तर घनफळ दीडपटीच्या पुढे जातं. रेघ खोटी नव्हती, शिंप्यानं पांढरं दिसलं ते बरोबर रेखलं. मशीन खोटं नव्हतं, चेंडूला कुणी इंजेक्शन देत नाही आणि चेंडू घाबरत नाही. उड्या फक्त त्यांच्याच गाठींच्या, जे सुई टोचल्यावर घाबरले आणि खुर्चीत बसले. काकू, मास्तरही बसले होते ना?"

काकूंनी नुसती मान हलवली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"पण मध्ये उठलेल्या पेशंटची तपासणी रद्द करायची आणि नवी तारीख द्यायची, असा नियम आहे," सर्जन म्हणाले.

"तोच तर," काकू कशाबशा बोलल्या. "आधी दुसऱ्या दिवशी घ्यायचो. नियम झाल्यापासून नवी तारीख महिन्यामहिन्यांनी मिळायची. डोक्यात गाठ घेऊन माणसं परत कशी पाठवू? म्हणून मी कुणाला बोलले नाही. मला वाटलं, चित्र काय, थोड्या वेळानं काढलं तरी तेच."

"नियम कुणी केला होता?" भागूबाईंनी विचारलं.

"मी," सर्जन म्हणाले, आणि खाली बघू लागले.

"आणि मशीन प्रत्येक चित्रावर वेळ टाकतं. नुसती ती बघितली असती तरी साध्या आणि सुईनंतरच्या चित्रांमध्ये मोठं अंतर आहे हे कळलं असतं." भागूबाई शिंप्याकडे वळल्या. त्यांना त्याची दया आली, पण बोलणं भाग होतं. "ती वेळ तू पुसायला लावत होतास, बाळा. प्रामाणिकपणासाठी."

शिंपी खुर्चीत बसला आणि त्यानं तोंड ओंजळीत लपवलं. कुणीच लबाड नव्हतं. भागूबाईंना तर त्याचीच जास्त भीती वाटली.

"हे सगळं पटतं मला," सर्जन सावकाश म्हणाले. "पण पटणं वेगळं. तुमच्या बहिणीला बसवलं म्हणून तिची गाठ वाढलेलीच नाही, असं होत नाही. दोन्ही खरं असू शकतं. पुन्हा चित्र काढा. ठरलेल्या वेळी, मध्ये न उठता. नाहीतर उद्या मी कापणार."

६

"नाही जाणार," धाकटी म्हणाली. "डोकं कापा, काय हवं ते करा. त्यात निदान भूल देतात. त्या नळीत मी पुन्हा जाणार नाही."

"अगं पण तुझं बोलणं जाईल!"

"गेलं तर गेलं! तुम्हाला काय माहीत आत कसं होतं ते!"

"माहीत आहे," भागूबाई म्हणाल्या. "आत्ताच जाऊन आले. ओरडताही आलं नाही मला."

धाकटी बघतच राहिली. लिफ्टमध्येसुद्धा न चढणारी आपली ताई! तेवढ्यात खिडकीपाशी हुंदका ऐकू आला. तिचा नवरा भिंतीकडे तोंड करून रडत होता.

"मी नव्हतो त्या दिवशी," तो म्हणाला. "पहिल्या दोन वेळा पाऊल धरून उभा राहिलो. तिसऱ्या वेळी दारापर्यंत गेलो आणि माझेच हातपाय गळाले, ताई. जिन्यात बसून राहिलो. हिनं कुणाला सांगितलं नाही, आणि मी खोटं बोललो. चौकशी झाली की हे निघणार, म्हणून म्हणालो ऑपरेशन होऊन जाऊ दे. एवढा नालायक आहे मी."

"नालायक नाही, घाबरट," भागूबाई म्हणाल्या. "आमच्या घराण्यात शोभता. चल गं, या वेळी पाऊल मी धरते."

त्यांनी धरलं. मशीनच्या खोलीचं जाड दार धाडकन लागलं. काकूंनी सुई टोचली, घड्याळ पाहिलं आणि लगेच टेबल सरकवलं. धाकटीचं डोकं, खांदे, कंबर आत गेली. बाहेर राहिली दोन पावलं. त्यांनी दोन्ही पावलं छातीशी घट्ट धरली. धाकटीची बोटं वळली, पाय ताठ झाले. "ताई, मला काढ!" नळीतून किंचाळी आली. भागूबाईंचं सगळं अंग म्हणत होतं, काढ तिला, आणि तू पण पळ.

"नाही काढणार!" त्या ओरडल्या. "मी पण थरथरतेय, कळतंय ना तुला? दोघी मिळून थरथरू. पण हलवू नकोस डोकं!"

ठकठक सुरू झाली. पावलं त्यांच्या हातात थडथडत राहिली, पण डोकं हललं नाही.

शिंप्याला चित्र नेहमीसारखंच मिळालं, नाव पुसलेलं. वेळ मात्र या खेपेला ठेवली होती. तो काप रेखत होता आणि मागे कुणी श्वाससुद्धा मोठ्यानं घेत नव्हतं. भागूबाईंनी तर डोळेच मिटून घेतले होते. खोटी आशा तर नाही ना लावली आपण सगळ्यांना? सव्वातीन निघालं तर?

"दोन," शिंपी म्हणाला. मग त्याचा आवाज फुटला. "दोन आहे, मॅडम. जेवढी होती तेवढीच आहे!"

सर्जनांनी फोन उचलला आणि उद्याचं ऑपरेशन रद्द केलं. धाकटीच्या नवऱ्यानं तिथेच फतकल मारली. आणि धाकटीनं, चाकाच्या खुर्चीत शाल गुंडाळून बसलेल्या त्या बडबडीनं, तोंड उघडलं आणि मिटलं. काही बोललीच नाही. भागूबाईंचा जीव पुन्हा टांगणीला लागला.

"काय गं? काय होतंय?"

धाकटी काकूंकडे बघत होती. काकू कोपऱ्यात उभ्या होत्या, पदर तोंडाशी धरून. "मास्तरांना सांगायला हवं," त्या पुटपुटत होत्या. "माझ्या हातानं झालं ते. कसं सांगू? मला नाही जमणार. कुठल्या तोंडानं जाऊ त्यांच्यासमोर?"

सर्जन फोनशी चाळा करू लागले. शिंपी स्क्रीनकडे वळला. भागूबाई दारापर्यंत गेल्या आणि माघारी फिरल्या. ती खोली, तो म्हातारा, ते "बरं", तिकडे त्यांचं पाऊल वळेना.

"चला काकू," धाकटी म्हणाली आणि तिनं हात पुढे केला. "मी येते बरोबर. तुम्हाला नाही जमलं, तर मी सांगेन त्यांना. मला बोलता येतंय अजून."